खिशातला पेंग्विन

आमच्या रूममध्ये तीन खाटा, दोन पंखे (पैकी एकच फिरतो) आणि एक कॉम्प्युटर आहे. पंख्याचं दुःख चंद्रपूरच्या मे महिन्यात इथे राहिलेल्यांना सांगायला नको, आणि न राहिलेल्यांना सांगून कळणार नाही. म्हणून कॉम्प्युटरकडे वळतो.

हा कॉम्प्युटर मी विकत घेतलेला नाही. मी सेकंड इयरला असताना पास आऊट होऊन पुण्याला निघालेल्या एका सीनियरने तो मला दिला. "घे बे, पुण्याले कुठं वागवू हा डब्बा!" डब्बाच होता. त्यावर विंडोज सुरू व्हायच्या आत मेसमध्ये चहा पिऊन परत येता यायचं. जाता जाता त्याच सीनियरने पेनड्राइव्हवरून डेबियन लिनक्स आणि एक्सएफसीई नावाचा हलका डेस्कटॉप टाकून दिला, आणि डब्बा चक्क पळायला लागला. सी, पायथन, गणितासाठी ऑक्टेव्ह, रिपोर्टसाठी लिबरऑफिस, सगळं त्याच्यावर. सॉफ्टवेअरवर आजवर एक रुपया खर्च झाला नाही. रूममधले बाकीचे दोघे लॅपटॉपवाले, मी डब्बावाला. 'लॅपटॉप घेऊ का' हा प्रश्न मी दर सुट्टीत घरी घेऊन जातो, पण तो बॅगेतून बाहेरच निघत नाही.

अडचण सुट्टीतच यायची. माझं गाव गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यात. चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असं करत एसटीने एटापल्ली गाठायची आणि पुढे जे मिळेल ते वाहन. एकदा हिंमत करून डब्बा सोबत नेला. कंडक्टर म्हणाला, "याची अर्धी टिकिट काढा लागन." तिकिटावर निभावलं असतं तर बरं झालं असतं! घरी पोचून बटण दाबलं तर पडदा काळा. रस्त्याच्या खड्ड्यांनी रॅम जागेवरून हलवली होती. ती नीट बसवली, तर लाइट गेली. ती दुसऱ्या दिवशी आली. त्या सुट्टीनंतर डब्बा हॉस्टेलच्या बाहेर पडलेला नाही.

आता मुद्द्याचं काम सांगतो. मे महिना म्हणजे आमच्याकडे तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे अंधारात अख्खं घर जंगलात जातं, पानं तोडून आणतं, सावलीला बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतं आणि संध्याकाळी फळीवर म्हणजे संकलन केंद्रावर मोजून देतं. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. घरटी रोज किती पुडे आले ते लिहायचं आणि हंगाम संपला की दराने गुणून पैसे वाटायचे. पूर्वी हे लिहिणारा ठेकेदाराचा माणूस असायचा आणि त्याच्या वहीत काय आहे हे त्यालाच माहीत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०१४ मध्ये राज्याचे पेसा नियम आले, आणि पुढे आमच्याकडच्या बऱ्याच ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. लिलाव आपला, म्हणजे हिशेबही आपला. आमच्या गावात ही वही काकांकडे आहे. लाल पुठ्ठ्याची, लांबट.

मी तिसऱ्या वर्षाला गेलो तेव्हा काका म्हणाले, "इतका शिकून राहिला, तर हे टोटल मारून दे ना." मी हॉस्टेलवर बसून लिबरऑफिस कॅल्कमध्ये झकास तक्ता तयार केला. कार्ड नंबर टाकला की नाव येतं, रोजचे पुडे टाकले की बेरीज आणि रक्कम आपोआप, शेवटी बँकेला द्यायची यादी तयार. नावं मराठीत. हा तक्ता घेऊन मे २०२५ मध्ये गावी गेलो, फोनमध्ये. फोनवरच्या एका मोबाइल ऑफिस ॲपमध्ये उघडला, तर अर्धी सूत्रं मेलेली आणि बँकेच्या यादीच्या पानावर नुसते एररचे फलक. काका चष्मा लावून बघत होते. म्हणाले, "वहीच बरी होती."

मला ते लागलं. डेस्कटॉपवर जे चालतं ते फोनवर का चालू नये? फोनमधला प्रोसेसर तर माझ्या डब्ब्याहून तगडा! आणि अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे ना?

आहे आणि नाही. अँड्रॉइडमध्ये लिनक्सचा कर्नल आहे, म्हणजे इंजिन तेच. पण आपण डेस्कटॉपवर ज्याला लिनक्स म्हणतो ती सगळी गाडी: ती सी लायब्ररी, तो बॅश, ते पॅकेज मॅनेजर, त्या विंडो, यातलं तिथे काहीच नाही. जिओफोन २०१७ मध्ये आला, त्यातल्या कायओएसच्या खालीही लिनक्सच कर्नल होता. म्हणजे आमच्या गावात पेंग्विन माझ्याआधी पोचला होता, फक्त कुणाला ओळख दिली नव्हती.

पहिला रस्ता सोपा होता. टर्मक्स नावाचं ॲप घ्यायचं आणि त्यात प्रूट नावाच्या युक्तीने डेबियन बसवायचं. फोन रूट करावा लागत नाही. डेबियनमधल्या प्रोग्रामला वाटतं आपण मोकळ्या मशीनवर आहोत. त्याने एखादी फाइल मागितली की प्रूट मध्येच ती मागणी अडवतो आणि टर्मक्सच्या फोल्डरमधली फाइल हातात ठेवतो. आणि काय सांगू, खरोखरचं डेबियन! तीच 'ॲप्ट' कमांड, तेच जीसीसी, तेच कॅल्क. डेबियनमध्ये २०१५ च्या आवृत्तीपासून ६४ बिट आर्म प्रोसेसरसाठी अधिकृत पॅकेजेस आहेत. सोर्स खुला असल्यामुळे इंटेलसाठी लिहिलेलं आर्मवर पुन्हा कंपाइल करता येतं. ज्या महागड्या सॉफ्टवेअरचा सोर्स कंपनीच्या कुलपात आहे, ते आर्मवर आणायचं की नाही हे कंपनी ठरवते. खुल्या सोर्सचं महत्त्व मला थर्ड इयरच्या पेपरमध्ये पाच मार्कांना आलं होतं, कळलं ते आमच्या पडवीत.

पण फुकट काही मिळत नाही. प्रत्येक मागणी मध्ये अडवली जाते म्हणून वेग मंदावतो. कॅल्क उघडेपर्यंत आई दोनदा विचारून गेली, "जेवतोस का?" दुसरं म्हणजे हा पाहुणा दुसऱ्याच्या घरात राहतो. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून एक नियम आला: ॲप्सनी मागे चालू केलेल्या प्रोसेस सगळ्या मिळून बत्तीसच्या वर गेल्या की सिस्टिम त्या मारायला लागते. मी काकांच्या वहीतून पुडे टिपतोय, मध्ये एक फोन येतो, बोलून परत यावं तर डेस्कटॉप गायब. न सेव्ह केलेली पाच घरं गायब. वही मात्र जागच्या जागी.

म्हणून दुसऱ्या रस्त्याकडे वळलो. घराचं भाडं भरण्यापेक्षा घरच आपलं! चंद्रपूरच्या गोल बाजारातून मागे एकदा पार्टसाठी म्हणून एक जुना फोन घेतला होता, पाठीमागची काच तडकलेला. २०१८ सालचा स्नॅपड्रॅगन ८४५ त्यात होता. त्याचा बूटलोडर उघडायला कंपनीच्या परवानगीची वाट पाहण्यात काही दिवस मागेच गेले होते. अँड्रॉइड पुसून त्यावर मोबियन टाकलं. मोबियन म्हणजे फोनच्या मापाने शिवून घेतलेलं डेबियन, २०२० मध्ये सुरू झालेलं.

ही धडपड करणारा मी पहिला नाही, हे वाचताना कळत गेलं. २००७ मध्ये ओपनमोको नावाच्या प्रकल्पाचा निओ १९७३ आला. २००९ मध्ये नोकियाने एन९०० काढला, त्यातलं मेमो डेबियनवरच बेतलेलं होतं. २०१३ मध्ये उबुंटूवाल्या कॅनोनिकलने 'एज' फोनसाठी लोकांकडे ३ कोटी २० लाख डॉलर मागितले. मॉनिटरला जोडला की तोच डेस्कटॉप होणार होता. रक्कम जमली नाही, फोन झाला नाही. २०१७ मध्ये त्यांनी उबुंटू टचही सोडून दिलं आणि ते यूबीपोर्ट्स नावाच्या स्वयंसेवकांनी उचललं. त्याच वर्षी पोस्टमार्केटओएस सुरू झालं. कंपनीने टाकून दिलेला फोन दहा वर्षं चालावा, हे त्याचं स्वप्न. त्यानंतर लिब्रेम ५ आणि पाइनफोन हे मुद्दाम लिनक्ससाठी बनवलेले फोन आले. आणि मार्च २०२५ मध्ये खुद्द गुगलने आपल्या पिक्सेल फोनवर डेबियन चालवणारं टर्मिनल देऊ केलं. म्हणजे मोठ्यांनी हात पोळून घेतलेलं हे काम आहे. मी तर काकांच्या वहीसाठी निघालेला डब्बावाला.

इतकी वर्षं लोक का झगडतायत ते स्वतः केल्यावर कळलं. पीसीचं बरं असतं. सुरू झाला की आपल्या अंगावर काय काय आहे हे तो स्वतःच सांगतो: ही डिस्क, हे साउंड कार्ड. म्हणून एकच डेबियनची सीडी जगातल्या बहुतेक पीसीवर चालते. फोन तोंडच उघडत नाही. पडदा कोणत्या तारेवर आहे, टच कोणत्या पत्त्यावर, बॅटरी मोजणारी चिप कुठे, हे सगळं 'डिव्हाइस ट्री' नावाच्या फाइलमध्ये प्रत्येक मॉडेलसाठी कुणीतरी हाताने लिहावं लागतं. हे लिहिणारे बहुतेक हौशी लोक. ते प्रत्येक मॉडेलचा एक तक्ता ठेवतात: पडदा चालतो, वायफाय चालतं, कॅमेरा नाही, कॉल अर्धवट. माझ्या मॉडेलच्या तक्त्यात 'अर्धवट' हा शब्द होता. मी तो वाचला आणि पुढे गेलो. मित्रांनो, त्या शब्दाकडे परत येऊ.

पहिले काही दिवस मात्र दिवाळी होती. रात्री पडवीत बसून फोनवर कॅल्क उघडला, सगळी सूत्रं जिवंत! बँकेची यादी झाली. चार्जिंगच्या भोकात हब लावून कीबोर्ड जोडला आणि गावात ज्यांच्याकडे टीव्ही आहे त्यांच्याकडे जाऊन तोही जोडायचा प्रयत्न केला. टीव्ही काही जुळला नाही, पोरं मात्र जमली. कीबोर्ड चालला तेवढ्यावरही त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सगळ्यात जास्त मजा आली मराठीची. डेस्कटॉपवर मी इनस्क्रिप्टने टाइप करतो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, सरकारने ऐंशीच्या दशकात ठरवलेली मांडणी. फोनवरच्या कीबोर्डाचं नाव स्क्वीकबोर्ड. माझ्यावाल्यात मराठी मिळेना. पण त्याची प्रत्येक मांडणी म्हणजे एक साधी मजकुराची फाइल असते. कोणत्या ओळीत कोणतं बटण एवढंच लिहायचं. दोन रात्री बसलो आणि मराठीची मांडणी स्वतः लिहिली. वरच्या ओळीत मराठी आकडे. जोडाक्षरांची चिंता होती, तीही मिटली. ती जुळवणारी हार्फबझ लायब्ररी आणि लोहित फॉन्ट जे डब्ब्यावर होते तेच इथे. हे लोहित फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवले आणि रेड हॅटने २००४ मध्ये सगळ्यांसाठी खुले केले. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. कुणीतरी केलेलं काम असं एटापल्लीच्या पडवीत उपयोगी पडतं. फोनवर काकांचं नाव मराठीत उमटलं तेव्हा काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बराबर हाय," म्हणाले. काकांकडून 'बराबर हाय' म्हणजे डिस्टिंक्शन.

डेस्कटॉपचं एकही फंक्शन न गमावता मी लिनक्स फोनमध्ये आणलं, असं मी हॉस्टेलवर परतल्यावर सगळ्यांना सांगत सुटलो. आपला फोन तर आता हाच, म्हणून रुबाबात सिमकार्डसुद्धा त्यातच टाकलं. जुना अँड्रॉइड गावी धाकट्या भावाला देऊन आलो होतो.

हंगाम संपला होता. यादी सकाळी दहाला बँकेत द्यायची होती. मी रात्री नऊला शेवटचे आकडे टाकले, पीडीएफ केली आणि एटापल्लीच्या झेरॉक्सवाल्याला पाठवली. ग्रामसभेचे सचिव सकाळी प्रिंट घेऊन परस्पर बँकेत जाणार होते. फोन उशाशी ठेवून झोपलो. सकाळी उठलो, नाश्त्याला पोहे होते, सबमिशनची फाइल घेऊन लॅबमध्ये गेलो.

दुपारी रूम पार्टनरच्या फोनवर काकांचा फोन आला. नंबर त्यांनी भावाकडून घेतला होता. त्या रात्री काका वही आणि माझी कच्ची यादी घेऊन कंदिलाशी बसले होते, ताडून पाहत. आमच्या गावात अर्धं गाव एका आडनावाचं, आणि एकाच नावाच्या दोन बायका आहेत. एकीचं कार्ड १४, दुसरीचं ४१. चौदा नंबरच्या बाईचे सहा दिवसांचे पुडे मी एकेचाळीसला टाकले होते. नाव तेच आल्यामुळे मला काही खटकलं नाही. काकांना खटकलं. कारण त्यांच्यासाठी ते नाव नव्हतं. एक आपली शेजारीण होती आणि दुसरी नाल्यापलीकडची. रात्री साडेदहाला ते टॉर्च घेऊन गावामागच्या टेकडीवर चढले, कारण रेंज तिथेच येते. त्यांनी मला सहा वेळा फोन लावला.

माझा फोन वाजला नाही.

काका रागावले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "फोन मोठा झाला म्हनतेस, पन वाजत नाही बाप्पा तुझा."

पैसे चुकीच्या खात्यात गेले. एकेचाळीस नंबरच्या बाईने ते परत दिले, एका शब्दाने कुरकुर न करता, पण बँक तीस-चाळीस किलोमीटरवर, जाणं-येणं बाजाराच्या दिवशी. सगळं निस्तरायला तीन आठवडे लागले. तोवर पाऊस आला होता. चौदा नंबरच्या बाईने धानाचं बियाणं उधारीने घेतलं. उधारीवर जे जास्त द्यावं लागलं ते मी भरून देतो म्हटलं, तर तिने घेतलं नाही. तिने घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी शांतपणे शोधायला बसलो की झालं काय. दोन चुका होत्या आणि दोन्ही माझ्याच.

पहिली चूक बोटाची. फोन उभा धरला की रुंदीला साधारण ३६० एककं मिळतात. डेस्कटॉपचे प्रोग्राम हजाराच्या वर गृहीत धरतात. मी काय केलं, तर सगळा कॅल्क बारीक करून त्या पडद्यात कोंबला. सगळी बटणं होती, सगळ्या मेन्यू होत्या, एकही फंक्शन गेलं नव्हतं. पण चौकोन झाले तांदळाच्या दाण्याएवढे आणि माझं बोट सेंटिमीटरभर रुंद. माउसचं टोक नेमकं असतं, बोट नसतं. १ आणि ४ ची बटणं दाबताना क्रम चुकला आणि चुकलेला आकडा मला दिसलासुद्धा नाही.

दुसरी चूक झोपेची. पीसी झोपवला की झोपू द्यायचा, आपण उठवू तेव्हा उठेल. फोनचं तसं नाही. आमच्याकडे शेतात धान उभा असला की रात्री जागलीला जातात. माणूस मचाणावर आडवा होतो, डोळा लागतो, पण रानडुकराची चाहूल लागली की ताडकन उठतो. फोनची झोप अशी जागलीची झोप असते. फोनमध्ये मोडेम हा वेगळाच एक छोटा कॉम्प्युटर असतो. मुख्य प्रोसेसर गाढ झोपला तरी मोडेम जागा राहतो आणि कॉल आला की त्याने प्रोसेसरला हलवून उठवायचं असतं. ती साखळी त्या मॉडेलवर अजून पुरती जुळलेली नव्हती. तक्त्यातलं 'अर्धवट' ते हेच. मी कॉल तपासला नव्हता असं नाही. तपासला होता, भर दुपारी, पडदा चालू असताना, मित्राला समोर बसवून. वाजला होता. झोपलेला फोन वाजतो का, हे मी तपासलंच नाही. बॅटरी वाचावी म्हणून तो लवकर झोपेल अशी सेटिंग मात्र मीच केली होती.

पाचव्या सेमिस्टरला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या व्हायव्हात सरांनी मला विचारलं होतं, "फंक्शनल रिक्वायरमेंट म्हणजे काय?" मी घोकलेली व्याख्या धडाधड म्हटली. सरांनी पुढे विचारलं, "पण कुणाच्या?" मी गप्प. मला वाटलं सर मार्क कापायला विचारतायत. तो प्रश्न मला जूनमध्ये कळला. 'डेस्कटॉपचं एकही फंक्शन गमवायचं नाही' ही यादी मी डब्ब्यासमोर बसून केली होती. त्यात जीसीसी होतं, टर्मिनल होतं, पायथन होतं, कॅल्कच्या शंभर मेन्यू होत्या. काकांना विचारलं असतं तर त्यांची यादी दोन ओळींची निघाली असती: वाजला पाहिजे, आणि कोणाचे पुडे ते चुकायला नको. माझ्या यादीतलं सगळं टिकलं. त्यांच्या यादीतलं दोन्ही गेलं.

मग आता काय? परत अँड्रॉइड? तेही करून पाहिलं असतं, आणि एक मधला रस्तासुद्धा आहे. हॅलियम म्हणून एक प्रकार आहे, त्यात खाली अँड्रॉइडचेच ड्रायव्हर ठेवून वर लिनक्स चढवतात. कॉल, कॅमेरा जास्त नीट चालतात, पण मग कंपनीच्या जुन्या कर्नलशी लग्न लागतं. ज्याचा एकच फोन आहे त्याने प्रयोग करायचाच असेल तर हा रस्ता किंवा टर्मक्स. मी ज्या रस्त्याने गेलो त्याने एकुलत्या एका फोनवर जाऊ नये. हे मी अनुभवावरून सांगतो.

मी स्वतः दोन गोष्टी केल्या. सिम काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये टाकलं. आणि कॅल्कला फोनमध्ये कोंबायचं सोडून दिलं. गावाकडे बांबूच्या चटया विणतात. चटई दारातून न्यायची तर कुणी ती कापत नाही आणि चुरगाळतही नाही; गुंडाळतात, आणि आत गेलं की पसरतात. फोनसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या लोकांनी हीच युक्ती काढली आहे. जीटीकेसोबत लिबअद्वैता नावाची लायब्ररी येते. तिच्यात अशी सोय आहे की पडदा रुंद असला तर यादी आणि माहिती शेजारी-शेजारी दिसतात. अरुंद झाला की एकामागे एक, आधी यादी, बोट ठेवलं की माहिती. प्रोग्राम एकच. काही कापलेलं नाही, फक्त सगळं एकदम समोर मांडलेलं नाही.

तसा एक छोटा फॉर्म मी पायथनमध्ये लिहिला. एका वेळी एकच घर दिसतं. कार्ड नंबर मोठ्या अक्षरात, खाली बाईचं नाव, त्याखाली घर कुठे ते: 'शाळेजवळ', 'नाल्यापलीकडे'. ही तिसरी ओळ काकांनी सांगितलेली. मी विचारलं, "काका, चूक होऊ नये म्हणून आणखी काय दाखवू?" ते म्हणाले, "मानूस कोन हाय थे समजलं पायजे." डेटाबेसच्या पुस्तकात याला काय म्हणतात मला ठाऊक आहे, पण काकांनी सांगितलं तेवढं नेमकं कुठे वाचलं नाही. पुडे टाकले की फोन एकदा विचारतो आणि मगच लिहितो. फाइल तीच राहते. हॉस्टेलवर आलो की ती डब्ब्यावर कॅल्कमध्ये उघडतो आणि सगळी चटई पसरून बसतो.

दिवाळीच्या सुट्टीत काकांना तो फोन दिला आणि मागच्या हंगामाची लाल वही समोर ठेवली. त्यांनी जाडजूड बोटाने चाळीस घरं टाकली. एक चूक झाली, ती त्यांनीच पकडली. चौदा नंबर आला तेव्हा ते थांबले, खालची ओळ वाचली, मान हलवली आणि पुढे गेले. वही मात्र त्यांनी बंद केली नाही. येत्या मे महिन्यात दोन्ही चालणार, वहीही आणि फोनही. माझी हरकत नाही. बॅकअप शेवटी बॅकअपच.

आता माझ्यावर हसणाऱ्या लॅपटॉपवाल्यांसाठी आणि पुढच्या वर्षी प्रोजेक्टचा विषय शोधणाऱ्या ज्युनियर्ससाठी एवढंच, की मोठ्या गोष्टीला लहान जागेत न्यायचं असेल तर काय काय न्यायचं याची यादी स्वतः करू नका. ज्याच्यासाठी नेताय त्याला विचारा. आणि चाचणी घ्याल ती फोन झोपलेला असतानाही घ्या.

ज्यांना खिशातला पेंग्विन बघायचा असेल त्यांनी रूमवर यावं. फोन करून या, आता वाजतो. बसायला खाट मिळेल, पंखा अजून एकच फिरतो.